वंश, व्याधी आणि उपाधी

मनुष्याच्या देहाला जडणारी व्याधी त्याच्या जन्माबरोबरच ठरून गेलेली असते, की तो ज्या घरात वाढतो, जे अन्न खातो, जे कष्ट उपसतो आणि ज्या लोकांत जगतो त्यांतून ती हळूहळू घडत जाते, हा प्रश्न धर्मचिंतकांना जितका जुना तितकाच वैद्यांनाही जुना आहे. आणि अलीकडच्या विज्ञानाने त्याला सारण्यांचा व टक्केवारीचा वेष चढविला असला, तरी त्यातील मूळचा पेच सुटलेला नाही. मधुमेहावरील औषधाने पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीतील कर्करोगाचा जोर कमी होतो काय, आणि होत असल्यास तो निरनिराळ्या वंशांच्या पुरुषांत सारखाच कमी होतो काय, असा एक प्रश्न गेली काही वर्षे अमेरिकेतील संशोधकांपुढे आहे. नॉर्थ कॅरोलायना व लुइझियाना या दोन राज्यांत हा कर्करोग नव्याने आढळलेल्या दोन हजारांवर पुरुषांची, आफ्रिकी वंशाचे आणि युरोपीय वंशाचे जवळजवळ समसमान घेऊन, घरोघर जाऊन सविस्तर जबानी घेण्यात आली, ती अशाच प्रश्नांच्या शोधासाठी. प्रश्न वैद्यकाचा आहे हे खरे. परंतु ‘वंश’ म्हणून जी वस्तू आपण गृहीत धरतो ती देहात असते की समाजव्यवस्थेत असते, आणि माणसाच्या दैवाचा किती भार तिच्यावर टाकणे न्याय्य आहे, हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न त्याच्या पोटात आहे. आणि ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील माणसाने तो आपला समजून त्याचा विचार करावा, असे मला मनापासून वाटते.

कारण या पट्ट्याइतकी माणसांची सरमिसळ महाराष्ट्रात थोड्याच ठिकाणी आढळेल. ठाणे हे शिलाहारांचे श्रीस्थानक; कल्याण हे ते बंदर, ज्याच्या व्यापाऱ्यांचे दानलेख कान्हेरीच्या लेण्यांत कोरलेले आहेत. खाडीकाठचे आगरी आणि कोळी, डोंगरउतारावरचे ठाकूर, कातकरी व वारली, कल्याण-भिवंडीचे कोकणी मुसलमान, पोर्तुगीज अंमलात ख्रिस्ती झालेली कुटुंबे, ठाण्यातले पारशी, १८७९ मध्ये तेथे आपले सिनेगॉग उभारणारे बेने इस्रायल, फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत येऊन राहिलेले व उल्हासनगर वसविणारे सिंधी, आणि रेल्वेच्या व कारखान्यांच्या ओढीने कोकणातून, घाटावरून, वऱ्हाडातून व उत्तरेकडून आलेले चाकरमानी, हे सर्व आज एकाच फलाटावर एकाच गाडीची वाट पाहत उभे असतात. यांतील कितीतरी घरांत मधुमेहाचे निदान झाले की वडीलधारी मंडळी पहिले वाक्य उच्चारतात ते असे: “आपल्या घराण्यातच आहे ती शुगर.” आणि त्यामागून येणारे दुसरे वाक्यही ठरलेले असते: “भोग आहेत, भोगून संपवायचे.” पहिल्यात कुळ आहे, दुसऱ्यात पूर्वकर्म आहे, पण दोहोंचा आशय एकच, की जे व्हायचे ते जन्माच्या वेळीच लिहून झाले.

आता प्रथम त्या औषधाकडे पाहू. डोंबिवली स्टेशनाबाहेरच्या एखाद्या औषधांच्या दुकानाशी संध्याकाळी घटकाभर उभे राहिले, तर गाडीतून उतरलेला, घामाने भिजलेल्या सदऱ्याचा कुणी मनुष्य पाकिटातून संपलेल्या पट्टीचा कापलेला तुकडा काढून काउंटरवर ठेवताना आणि “हीच द्या, पाचशेची, महिनाभराची,” एवढेच म्हणताना दिसतो. दुकानदार नाव न वाचता, नुसत्या रंगावरून ओळखून, मागच्या खणातून पट्ट्या काढतो. ही गोळी बहुधा मेटफॉर्मिनची असते. युरोपातील कुरणांत उगवणाऱ्या गॅलेगा नावाच्या वनस्पतीतील द्रव्याशी नाते सांगणारे हे औषध डब्लिन येथे वर्नर व बेल यांनी १९२२ मध्ये प्रयोगशाळेत प्रथम सिद्ध केले. पॅरिसचे डॉक्टर जाँ स्टर्न यांनी १९५७ मध्ये त्याचा रुग्णांवरील उपयोग प्रसिद्ध केला. अमेरिकेच्या सरकारने मात्र त्याला परवानगी दिली ती १९९४ मध्ये. यकृतातून रक्तात उतरणारी साखर ते कमी करते आणि रक्तातील इन्शुलिनचा चढलेला आकडाही खाली आणते. इन्शुलिन हे पेशींच्या वाढीलाही चालना देणारे द्रव्य असल्यामुळे, ज्या गोळीने ते उतरते तिने गाठीची वाढही मंदावेल, अशी आशा शास्त्रज्ञांना वाटू लागली, आणि ती आशा अवाजवी नव्हती.

स्कॉटलंडमधील डंडी येथील दप्तरांवरून २००५ मध्ये असे प्रसिद्ध झाले की मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहींत कर्करोग कमी आढळतो. पुढे अनेक देशांतून तसेच निष्कर्ष आले, काही तर इतके उत्साहवर्धक की त्यांवर विश्वास ठेवावा की नाही असा संभ्रम पडावा. २०१२ मध्ये माँट्रियलच्या सुइसा व अझूले या संशोधकांनी त्यांतील कित्येकांच्या हिशेबातला दोष उघड करून दाखविला: गोळी सुरू होईपर्यंत जो हयात राहिला तोच गोळी घेणाऱ्यांच्या यादीत दाखल होतो, आणि त्यामुळे गोळीपूर्वीचे त्याचे निरोगी दिवसही गोळीच्या खाती जमा होतात. अखेर ब्रिटनमधील स्टॅम्पीड या मोठ्या चाचणीत, मधुमेह नसलेल्या पण प्रोस्टेटचा कर्करोग शरीरात पसरलेल्या रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागून मेटफॉर्मिन देऊन पाहण्यात आले. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या निकालात वजनवाढीसारखे संप्रेरक-उपचारांचे दुष्परिणाम कमी झाल्याचे दिसले, परंतु एकंदर रुग्णांचे आयुष्य वाढल्याचे सिद्ध झाले नाही. मधुमेही पुरुषांत या कर्करोगाचे निदानच मुळात कमी होते, आणि या कर्करोगाच्या तपासणीत रक्तातील ज्या पीएसए नावाच्या द्रव्याचे मोजमाप करतात त्याचा आकडाही त्यांच्यात खालचा असतो, ही आणखी एक गुंतागुंत. म्हणजे जेथे आकडा दिलासा देतो तेथे रोग नसेलच अशी खात्री देता येत नाही.

या साऱ्या खटाटोपात जी चूक पुन्हा पुन्हा होते तिला आपल्या नैयायिकांनी अनेक शतकांपूर्वी नाव देऊन ठेवले आहे, आणि ते नाव म्हणजे उपाधी. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहाची जी प्रत आठल्ये व बोडस यांनी मुंबईत १८९७ मध्ये सिद्ध केली, ती ज्यांनी महाविद्यालयात अभ्यासली त्यांना यातील प्रसिद्ध उदाहरण आठवेल. धूर आहे तेथे अग्नी आहे, हे अनुमान निर्दोष. पण त्याची उलट बाजू, म्हणजे अग्नी आहे तेथे धूर असलाच पाहिजे हे विधान, सदोष आहे, कारण लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असून धूर नसतो. धूर उत्पन्न होतो तो अग्नीला ओल्या लाकडाची जोड मिळाली तर. ही ओल्या इंधनाची जोड म्हणजे उपाधी: धूर असेल तेथे ती असतेच, पण अग्नी असेल तेथे ती असेलच असे नाही. ज्याला ती दिसत नाही तो धुराचा सारा ठपका अग्नीवर ठेवतो. गोळी घेणाऱ्यांत रोगाचा जोर कमी दिसला तेव्हा, नियमाने डॉक्टरकडे जाणे, वेळेवर तपासणी होणे आणि गोळी सुरू होईपर्यंत हयात असणे, ही ओली लाकडे तेथे होती किंवा नाही, हे विचारल्यावाचून गोळीला श्रेय देणे हा तर्कदोष आहे. आणि माझ्या मते वंशाच्या बाबतीत हाच दोष अधिक मोठ्या प्रमाणावर, अधिक गंभीर परिणामांसह घडतो.

अमेरिकेत कृष्णवर्णीय पुरुषांचा प्रोस्टेटच्या कर्करोगाने होणारा मृत्यूचा दर श्वेतवर्णीयांच्या सुमारे दुप्पट आहे, ही वस्तुस्थिती आहे, आणि ती नाकारण्यात कोणाचेच हित नाही. आठव्या गुणसूत्राच्या एका भागातील काही वारसाहक्काने येणारे फरक आफ्रिकी वंशाच्या पुरुषांत अधिक आढळतात, हेही खरे. परंतु तेथील माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्यव्यवस्थेत, जेथे दोघांनाही जवळजवळ सारखाच उपचार मिळतो, तेथे हे मृत्यूमधील अंतर पुष्कळच ओसरते, असे अलीकडच्या अभ्यासांनी दाखविले आहे. कर्करोगाची तीव्रता ज्या पद्धतीने मोजतात ती डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६६ मध्ये मांडली. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची रचना किती विस्कटली आहे यावर तिचे अंक ठरतात. त्या काचेवर वंश कोठेही दिसत नाही. तो येतो रुग्णाने अर्जातील रकान्यात केलेल्या खुणेतून. आणि तो रकाना किती चंचल असतो, याचा दाखला आपल्याच लोकांचा आहे: अमेरिकेच्या १९७० च्या खानेसुमारीत तेथे स्थायिक झालेल्या भारतीयांची गणना श्वेतवर्णीयांत झाली, आणि १९८० मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र रकाना करण्यात आला. त्या दहा वर्षांत एखाद्या मराठी गृहस्थाचा वंश सरकारी कागदावर बदलला. त्याचे स्वादुपिंड होते तेच राहिले.

याहून बोलका दाखला मूत्रपिंडाच्या हिशेबाचा आहे. रक्तातील क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडाचे कार्य काढताना, रुग्ण कृष्णवर्णीय असल्यास उत्तर सुमारे सोळा टक्क्यांनी वाढवावे, असा नियम २००९ च्या सूत्रात होता. तो २०२१ मध्ये काढून टाकण्यात आला. मूत्रपिंडाचे कार्य एका मर्यादेखाली गेले की मेटफॉर्मिन देत नाहीत. म्हणजे रक्ताचा अहवाल तंतोतंत सारखा असलेल्या दोघा माणसांपैकी एकाला ही गोळी चालू ठेवावी आणि दुसऱ्याची बंद करावी, असा निर्णय केवळ रकान्यातील खुणेवरून होणे शक्य होते. औषधाचा गुण वंशागणिक वेगळा दिसतो काय, असे विचारण्यापूर्वी ते औषध वंशागणिक वेगळ्या हिशेबाने दिले गेले काय, हे विचारणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

या बाबतीत मुंबई इलाख्यातील विद्वानांनी जे कार्य केले आहे त्याची आपणांस पुरेशी जाणीव नाही, याची मला खंत वाटते. १९४१ मध्ये परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, आणि तेथील प्रयोगशाळेत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी मुंबईच्या निरनिराळ्या समाजांतील कर्करोगांचा तपशील जमविण्यास आरंभ केला. एका समाजाला तोंडाचा कर्करोग अधिक, दुसऱ्याला आणखी कुठला, असे फरक त्यांना ढळढळीत दिसत होते. पण त्या फरकांचे मूळ त्यांनी रक्तात न शोधता वहिवाटीत शोधले. तंबाखू चघळण्याशी तोंडाच्या कर्करोगाचा संबंध त्यांनी दाखविला. आणि कमरेला घट्ट बांधलेल्या धोतराच्या वर्षानुवर्षांच्या घर्षणाने त्वचेला होणारा कर्करोग त्यांनी व सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये नोंदविला. पुढे डॉ. जसावाला यांच्या पुढाकाराने मुंबईत देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली, तेव्हा पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग अधिक आणि पारशी समाजात तंबाखूमुळे होणारे कर्करोग कमी, असे चित्र दिसले. उशिराचे विवाह आणि थोडी अपत्ये हे पहिल्याचे एक कारण; अग्नीला पूज्य मानणाऱ्या धर्मात धूम्रपान निषिद्ध, हे दुसऱ्याचे. येथे धर्म देहापर्यंत पोचला आहे, पण तो आचाराच्या वाटेने पोचला आहे, बीजाच्या वाटेने नव्हे.

वंशकल्पनेची चिकित्साही याच भूमीत झाली. १९०१ च्या खानेसुमारीचे प्रमुख रिस्ले यांनी नाकाच्या मोजमापावरून जातींची उतरंड लावू पाहिली; मालवणचे डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात तीच मापे तपासून महाराष्ट्रासारख्या प्रांतात ती उतरंड टिकत नाही, हे दाखविले. त्यांच्या शिष्या इरावती कर्वे यांना बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली काम करताना, युरोपियनांच्या कवटीची विषमता हे त्यांच्या बुद्धीच्या श्रेष्ठतेचे गमक आहे, हा गुरूचा सिद्धांत पडताळण्यास सांगण्यात आले. परक्या देशात, परक्या भाषेत, एकेक कवटी हातात घेऊन मोजल्यावर त्या विद्यार्थिनीने वंशाचा आणि त्या विषमतेचा संबंध आढळत नाही, असा निष्कर्ष आपल्या प्रबंधात लिहून दिला. आणि १९४८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या उगमावरील ग्रंथात घुर्यांच्याच मापांचा आधार घेऊन, अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे आहेत ही समजूत मोडीत काढली. त्या वर्षी बाबासाहेबांचे स्वतःचे शरीर मधुमेहाने पोखरले जात होते. इन्शुलिनवर ते दिवस काढीत होते. आणि ६ डिसेंबर १९५६ ला त्यांचे महापरिनिर्वाण झाले तेव्हा स्टर्न यांचा मेटफॉर्मिनवरील लेख प्रसिद्ध होण्यास काही महिन्यांचाच अवधी होता. रक्तावरून माणसाचे स्थान ठरविणाऱ्या विचाराशी आयुष्यभर लढलेला हा पुरुष रक्तातल्याच विकाराने जर्जर व्हावा, हे आठवले की मन विषण्ण होते.

येथे कोणी आक्षेप घेईल की भारतीयांना मधुमेह इतरांपेक्षा लवकर, आणि सडपातळ असतानाही होतो, मग तो वंशाचा गुण नव्हे काय? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीने या देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही असल्याचे सांगितले आहे. तेव्हा आक्षेप वजनदार आहे. पण पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून आसपासच्या खेड्यांतील मातांचा व बालकांचा जो अभ्यास चालविला आहे, तो याचे उत्तर देतो. तेथील नवजात बालक इंग्लंडमधील साडेतीन किलोच्या बालकापुढे जेमतेम पावणेतीन किलोचे. स्नायू व अवयव लहान, पण चरबी मात्र त्या मानाने राखलेली. वरून कृश आणि आतून मेदयुक्त अशी ही प्रकृती मातेच्या पोषणाशी, विशेषतः ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेशी निगडित असल्याचे त्यांना आढळले. म्हणजे ज्याला आपण भारतीय रक्त म्हणतो त्यात पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या, सर्वांच्या मागून जेवणाऱ्या आजी-पणजींची हकीकत साठलेली आहे. जन्मजात असलेली प्रत्येक गोष्ट वंशजात नसते, हे ध्यानात घेतले म्हणजे “घराण्यातच आहे” या वाक्याचा अर्थ पालटतो.

आपल्या प्राचीन वैद्यांना हा विवेक होता. सुश्रुताने प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले: माता-पित्यांच्या बीजदोषातून येणारा सहज, आणि अपथ्यातून येणारा दुसरा, दोहोंची लक्षणे वेगळी, चिकित्साही वेगळी. चरकसंहितेच्या विमानस्थानात अग्निवेश गुरूंना विचारतो की भिन्न प्रकृतीची, भिन्न आहाराची व भिन्न बळाची माणसे एकाच वेळी एकाच व्याधीने कशी नष्ट होतात. आणि आत्रेय उत्तर देतात की प्रकृती निराळ्या असल्या तरी वायू, जल, देश आणि काल हे सर्वांना समान असतात, आणि ते बिघडले की कोणाचाही बचाव होत नाही. त्याच अध्यायात आयुष्य नियत आहे काय, असे विचारल्यावर दैव आणि पुरुषकार या दोहोंच्या बलाबलावर ते अवलंबून आहे, असा निर्णय दिला आहे. खाडीकाठच्या या शहरांना हे उत्तर आज जसेच्या तसे लागू पडते. आगरी असो, सिंधी असो की चित्पावन, पहाटे निघून रात्री परतणारा, गाडीत तासन्‌तास उभा राहणारा, फिरायला मोकळी जागा नसलेला मनुष्य देश आणि काल यांच्या एकाच चरकात सापडलेला आहे. आणि लघवीची तक्रार वयाच्या माथी मारून वर्ष-दीड वर्ष गप्प बसणारा, शेवटी पाठीचे हाड दुखू लागल्यावर कागदांची पिशवी छातीशी धरून पहाटेच्या गाडीने परळ गाठणारा वृद्ध कोणत्याही एका समाजाचा नसतो.

धर्मविचाराच्या दृष्टीने यातून काय निष्पन्न होते? कर्मविपाकाच्या ग्रंथांनी अमुक पापाचे फळ अमुक व्याधी, असे कोष्टक मांडले. वंशवादाने पापाच्या जागी रक्त ठेवले. दोहोंनी रुग्णाला त्याच्या दुःखाचा एकट्याचा धनी केले आणि भोवतालच्या समाजाला दोषमुक्त केले. दुसऱ्या बाजूस, सर्वांभूती एकच आत्मा आहे अशी ग्वाही देणारा विचारही अपुरा पडतो. कारण आत्मा एक आहे हे मान्य करूनही आपण शतकानुशतके देहांना वेगळे पाणवठे दिले. समतेचा निर्णय देहाच्या पातळीवर व्हावयाचा असेल, तर देहांची खरी मोजदाद झाली पाहिजे. म्हणूनच समाजवार नोंदी बंदच कराव्यात, हे मत मला ग्राह्य वाटत नाही. न मोजलेले दुःख उपेक्षित राहते. खानोलकरांनी समाजवार मोजले म्हणूनच तंबाखू सापडली. मात्र मोजणाऱ्याने समाजाचा रकाना भरताना त्याच्याशेजारी उत्पन्न, आहार, निदानाला लागलेला विलंब आणि रुग्णालयाचे अंतर यांचेही रकाने भरले पाहिजेत. एरवी हाती येते ते अर्धसत्य, आणि दुर्बळांच्या बाबतीत अर्धसत्याला दैव म्हणण्याची घाई सर्वांनाच असते.

समूहाची गणना मदत कोठे पोचवायची हे ठरविण्यासाठी करावी, माणसाचे भवितव्य ठरविण्यासाठी करू नये, असा माझा निष्कर्ष आहे. ज्या वस्तीत रोग उशिरा उघडकीस येतो तेथे तपासणी अगोदर गेली पाहिजे. ज्या घरात तीन पिढ्या मधुमेह आहे तेथील गर्भवतीच्या ताटाकडे प्रथम पाहिले पाहिजे. आणि ज्या वृद्धाला आपली तक्रार सांगण्याची लाज वाटते त्याच्या मुलाने ती आपण होऊन विचारली पाहिजे. जे खरोखर बीजातून आले असेल ते आपण बदलू शकणार नाही. परंतु बीजाच्या नावावर आपण जे खपवीत आलो आहोत त्यांतील फार मोठा भाग माणसांनी निर्माण केलेला आहे, आणि जे माणसांनी निर्माण केले ते निस्तरण्याचे कर्तव्यही माणसांचेच आहे. हे कर्तव्य ज्या धर्माला आपल्या कक्षेबाहेरचे वाटेल, त्याला रुग्णापुढे प्रारब्धाचे नाव घेण्याचा अधिकार उरत नाही.